ब्लेड फेका, रेझर जपा : किंग जिलेटची गोष्ट

प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि नंतर शाई खिसा रिकामा करते, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. धंद्याच्या या गणिताला ‘रेझर-ब्लेड मॉडेल’ म्हणतात आणि त्याचं श्रेय किंग कॅम्प जिलेटला दिलं जातं. पण त्याचं आयुष्य वाचलं तेव्हा मला चित्र थोडं वेगळं दिसलं.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. कुटुंब पुढे शिकागोला गेलं आणि १८७१ च्या मोठ्या आगीत घरचं होतं नव्हतं ते गेलं. पोराने फिरत्या विक्रेत्याची नोकरी धरली. नंतर तो बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या कंपनीत लागला. त्या बुचाचा शोध लावणारा विल्यम पेंटर हा त्याचा साहेब. एकदा वापरून फेकली जाईल आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येईल अशी वस्तू शोध, हा सल्ला त्याचाच.

१८९५ मध्ये दाढी करताना जिलेटला ती वस्तू सुचली. सेफ्टी रेझर तेव्हाही होते, पण त्यांच्या जाड पात्याला सारखी धार लावावी लागायची. जिलेटला हवं होतं पातळ, दोन्ही बाजूंनी धारदार आणि फेकता येणारं पातं. एवढ्या पातळ पोलादाला कडक कसं करायचं, इथे काम अडलं. एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकर्सनने तो प्रश्न सोडवला. १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड! पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि पेटंटही मिळालं.

आता गंमत बघा. रेझर फुकटात वाटून ब्लेडवर कमावलं, अशी गोष्ट सांगतात. प्रत्यक्षात सुरुवातीला रेझरची किंमत पाच डॉलर होती, त्या काळी चांगली जड रक्कम. १९२१ मध्ये पेटंट संपलं, स्पर्धक आले, तेव्हा कुठे जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरला मिळू लागला. जिलेटच्या हातून पुढे कंपनीचा ताबा गेला, मंदीत पैसाही गेला. ९ जुलै १९३२ ला तो वारला.

त्याचे रेझर मात्र अजून चालतात. इंजिनिअर म्हणून मला हेच आवडतं : झिजणारा भाग वेगळा काढला आणि बाकीचा टिकाऊ ठेवला. आपल्या फोनमध्ये बॅटरी चिकटवलेली असते, ती थकली की अख्खा फोन बदलायचा विचार सुरू होतो. इथे नवं ब्लेड घातलं की काम झालं.

अर्थात, टिकाऊ वस्तूलाही निगा लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पावसाळ्यात बाथरूम दिवसभर ओलंच असतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थर लवकर बसतो. म्हणून दाढी झाली की :

- रेझर उघडा, सगळे भाग वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका आणि वेगवेगळे वाळू द्या. ब्लेड आखूड बाजूंनी धरा.
- आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि मऊ टूथब्रश फिरवा.
- चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, काथ्या नको. जुने रेझर बहुतेक पितळेचे असतात आणि वर निकेलचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा असतो. पितांबरी उघड्या तांब्या-पितळेला ठीक, मुलाम्याला नको. मुलामा गेला की परत येत नाही.
- आट्यांना अधूनमधून तेलाचा एखादा थेंब पुरे.

आणि वापरलेलं ब्लेड थेट कचऱ्यात टाकू नका. ओल्या-सुक्या कचऱ्याची पिशवी कोणीतरी हाताने उचलतं. झाकणाला चीर पाडलेल्या रिकाम्या डब्यात ब्लेड साठवा, भरला की डबा टेपने बंद करून त्यावर ‘ब्लेड’ लिहा आणि वेगळा द्या.

आजोबांचा रेझर घरात कुठे पडून असेल तर एकदा उघडून बघा. बऱ्याचदा तो फक्त धुवायचा राहिलेला असतो.