अनाथांची माउली : पंडिता रमाबाई

श्रीनागनाथाच्या चरणी मस्तक ठेवून आजच्या चरित्रकथनास आम्ही आरंभ करीत आहोत. भगवंतांनी आपली विभूती म्हणून गौरविलेला मार्गशीर्ष मास हा जन्मोत्सवाचा काळ. पौर्णिमेस घरोघरी दत्तात्रेयांचा पाळणा हलतो आणि त्याच सुमारास, २५ डिसेंबर रोजी, ख्रिस्ती बांधव बेथलेहेमच्या बाळाचा जन्म साजरा करतात. अनसूयेने दारी आलेल्या तीन अतिथींना बालरूप देऊन पोटाशी धरले. बेथलेहेमच्या बाळाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून त्याला गव्हाणीत निजवावे लागले. एका कथेत परक्यास जवळ करणारी माता आहे, दुसरीत आसरा न मिळालेले मूल आहे. दोन्ही कथा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : जे मूल आपले नाही, ते दारी आले असता आपण काय करावे?

हा प्रश्न आमच्या औंढा क्षेत्रास नवा नाही. ज्या विसोबा खेचरांच्या नावाने हे क्षेत्र वारकरी परंपरेत पूज्य ठरले, त्यांच्या पूर्वायुष्याची कथा परंपरा सांगते. आळंदीची चार भावंडे मातापित्यांस पारखी झाली होती. धर्मसभेने आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पण लेकरांच्या मुखी घास कोणी घालावा याचा निर्णय कोणी दिला नाही. त्या अनाथ लेकरांचा छळ करणाऱ्यांत विसोबा अग्रभागी होते. मुक्ताईला मांडे भाजावयास खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना बजावून ठेवले. पुढे ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपल्या पाठीवर मांडे भाजविले, तो प्रकार पाहून विसोबांचा अहंकार गळाला. अनाथांना दूर लोटणारा तोच पुरुष पुढे नामदेवांचा सद्गुरू झाला. अनाथाच्या दारी नमल्याखेरीज गुरुपद लाभत नाही, असाच या कथेचा भाव आम्ही घेतो.

आता उत्तररंगाकडे वळू. नाताळच्या दिवसांत परदेशांतून आलेली काही माणसे आपल्या देशातील अनाथगृहांत लेकरांची सेवा करताना दिसतात. आपला सण, आपले घर सोडून परक्या मुलाचे नाक पुसणाऱ्या या माणसांकडे पाहून भाविक हिंदू गृहस्थाच्या मनात कौतुक उपजते आणि त्यामागोमाग शंकाही येते. हे लोक कशासाठी आले? यांचा अंतस्थ हेतू काय? या दोन्ही भावनांचा विचार करावयाचा तर महाराष्ट्रात एकच चरित्र प्रथम डोळ्यांपुढे येते. ते पंडिता रमाबाईंचे होय.

रमाबाई ही आम्हां पुराणिक-कीर्तनकारांच्याच कुळातील लेक. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे वैदिक पंडित. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीला देववाणी शिकविली म्हणून गावकीचा रोष ओढवला, तेव्हा सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे त्यांनी आश्रम वसविला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. अतिथी आणि विद्यार्थी यांच्या आदरातिथ्यात शास्त्रीबुवांचे सर्व द्रव्य सरले. मूल सहा महिन्यांचे असताना हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. वेताच्या पेटाऱ्यात निजविलेली रमा एका सेवकाच्या डोईवरून चालली होती. पुढे देवळादेवळांतून पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. मातेच्या मुखातून ऐकत ऐकत भागवताचे सहस्रावधी श्लोक त्या बालिकेस मुखोद्गत झाले.

पण विद्येने पोट भरत नाही, हे दुष्काळाने शिकविले. दक्षिणेत अन्नधान्य दुर्मिळ झाले, पुराण ऐकण्यास श्रोता उरला नाही. या कुटुंबाने उरलेसुरले द्रव्यही अनुष्ठाने आणि दाने यांत वेचले. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ च्या सुमारास प्रथम पिता आणि थोड्याच अवधीत माता निवर्तली. मातेचे प्रेत वाहण्यास पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. भाऊ श्रीनिवास आणि दोन दयाळू ब्राह्मण यांच्यासह रमाबाईंनीच तिरडी उचलली. उंची कमी असल्याने आपल्या वाटचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. थोरली बहीणही मागोमाग गेली. सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी अशी अनाथ झाली. वाचकहो, पुढे ज्या बाईने सहस्रावधी अनाथांना आश्रय दिला, तिचे अनाथत्व ग्रंथांतून वाचलेले नव्हते, डोक्यावरून वाहिलेले होते, हे ध्यानी ठेवावे.

बहीणभावांनी पायी भारतभ्रमण केले आणि १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने गाठले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर मूल, आणि सारे आप्त दिवंगत. अशा अवस्थेत त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ मध्ये अधिक शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत असत. ते दृश्य रमाबाईंच्या अंतःकरणास भिडले. आपल्या देशात अशा स्त्रीस कोणी हात देत नाही आणि येथे कुलीन स्त्रिया तिला उठवून बसवितात, ही तुलना त्यांच्या मनातून गेली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वधर्मनिष्ठ वाचकास येथे वाईट वाटेल; आम्हांसही वाटते. परंतु सत्य पाहिले पाहिजे. कोणाच्या तर्कवादाने ही पंडिता जिंकली गेली नाही. वादात तिला जिंकणे सोपे नव्हते. तिला जिंकले ते सेवेने. ती सेवा तिला आपल्याच तीर्थक्षेत्रांत दिसली असती तर हे चरित्र कोणत्या वळणाने गेले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

धर्म बदलला तरी संस्कार सुटले नाहीत. क्रुसावर लॅटिन वचन कोरलेले असावे असे सांगण्यात आले, तेव्हा संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी केला. पाद्री मंडळींची सत्ता त्यांनी निमूटपणे मानली नाही. आहार शाकाहारी ठेवला, अंगावर साधे पांढरे वस्त्र ठेवले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च परक्या देशातील स्त्रीपुरुषांनी उचलला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांची सहधर्मचारिणी झाली.

१८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली नेल्या. या वादात पालकांची भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. लेकरू पोटासाठी दिले आणि त्याचा देव बदलला, तर आईबापांचे काळीज तुटणारच. तथापि ज्या विधवांना नेण्यास घर होते त्या गेल्या. ज्यांना घरच नव्हते त्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर विरोधकांपाशी त्या दिवशी नव्हते.

तीन वर्षांनी तोच प्रश्न उग्र रूप धरून पुढे आला. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास अस्थिपंजर झालेल्या पोरी आणि त्यांना फूस लावून नेण्यासाठी टपलेले दुष्ट लोक त्यांनी पाहिले. स्वतःच्या बालपणीची भूक त्यांना आठवली असल्यास नवल नाही. सुमारे ३०० मुली व तरुण विधवा त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध जारी होते, म्हणून केडगाव येथे आधी घेतलेल्या शेतात झोपड्या घालून या मुलींना ठेवले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली.

एवढ्या लेकरांचा संसार कसा चालत असेल, याची कल्पना गृहिणींनी करावी. पहाटेपासून दळण, पाणी, रांधप. कित्येक मुली खरूज आणि उवा घेऊन आलेल्या. काही भुकेने इतक्या खंगलेल्या की अन्नही पचू नये. त्यांना न्हाऊ घालावे, औषध द्यावे, रात्री दचकून उठणाऱ्या पोरीस थोपटावे. प्रकृती सुधारल्यावर अक्षरओळख, मग हाताला उद्योग : शेती, विणकाम, शिवण, दुधाचा धंदा, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींना उठावाच्या लिपीने वाचावयास शिकविले जाई. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हे वेगळे घर होते. परस्वाधीन राहू नये, ही बाईंची दृष्टी.

या कामासाठी परदेशांतून माणसे येऊ लागली. मिनी अब्राम्स या अमेरिकी बाई आल्या. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या तेव्हा केडगावचा भार त्यांनी वाहिला. १९१२ मध्ये त्यांनी भारतभूमीवरच देह ठेवला. अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकी गृहस्थांनी जवळच दौंड येथे मुलांचे अनाथगृह चालविले. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथूनही सेविका आल्या. त्यांनी मराठी शिकून घेतली, आपल्याकडचे ऊन सोसले, साथीचे रोग सोसले. नाताळ हा त्यांच्याकडे आप्तांनी एकत्र जमण्याचा सण. वर्षानुवर्षे त्यांनी तो सातासमुद्रांपलीकडच्या लेकरांत घालविला. त्यांच्या मनात धर्मप्रसाराची इच्छा होती, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांनीही ते लपविले नाही. परंतु एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. खाऊ वाटून संध्याकाळच्या गाडीने परतणारे ते पाहुणे नव्हते, ते राहिले. अनाथ मूल भाकरी देणाऱ्याचा देव विचारीत नाही. हा हात उद्याही येथे असेल काय, एवढेच ते विचारते. कारण ज्या हातावर त्याने आधी विसंबले होते, तो हात एक दिवस निघून गेलेला असतो.

मग आपल्या लोकांनी काहीच केले नाही काय? केले, आणि त्याचा अभिमान बाळगावा. पंढरीच्या क्षेत्रात टाकलेल्या बालकांसाठी प्रार्थना समाजाने १८७५ मध्येच बालकाश्रम काढला. शारदा सदनातील गोदूबाईंचे पती कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले आणि माधुकरीवर कित्येक मुले शिकून मोठी झाली. परक्याच्या सेवेचे खरे उत्तर निंदेने देता येत नाही. ते सेवेनेच द्यावे लागते. आपल्या या थोर पुरुषांनी तसेच उत्तर दिले.

रमाबाईंचा उत्तरकाळ शांत पण कष्टाचा गेला. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलाचे सुबोध मराठी भाषांतर केले. सरकारने १९१९ मध्ये कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत, सर्व कार्याची वारस म्हणून वाढविलेली मनोरमा निवर्तली. अनाथपणे आयुष्य आरंभिलेल्या मातेस शेवटी लेकीचाही वियोग सोसावा लागला. तरी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधारांना आसरा देत आहे.

आमच्या औंढ्याच्या मंदिरात नंदी पाठीमागच्या बाजूस आहे. नामदेवांस कीर्तनासाठी मागे बसविले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी श्रद्धा येथे पिढ्यान्पिढ्या सांगतात. ज्याला आपण मागे बसवितो त्याच्याकडे ईश्वर तोंड करतो, असा त्या कथेचा अर्थ आहे. समाजाने मागे बसविलेल्यांत रमाबाई होत्या आणि त्यांनी पोटाशी धरलेल्या पोरीही होत्या.

तेव्हा भाविक वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. यंदा दत्तजन्माचा पाळणा हलविताना जवळच्या अनाथगृहातील एका बालकाचे नाव मनात धरावे. शिधा पाठवावा, वस्त्र पाठवावे. पण तेवढ्यावर थांबू नये. महिन्यातून एक दिवस स्वतः जावे, त्याच मुलापाशी बसावे, त्याच्या पाटीवर अक्षर काढून द्यावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. परदेशची माणसे समुद्र ओलांडून आली. आपणांस बहुधा एक रस्ता ओलांडावयाचा आहे. तेवढे घडले, तर या चरित्रश्रवणाचे फळ पदरी पडले असे आम्ही समजू.