हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक

हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक (१४ एप्रिल, १८९८ - ११ डिसेंबर, १९८३) हे अमेरिकन विद्युत अभियंते होते. निगेटिव्ह फीडबॅक विवर्धकाचे, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरचे, जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन
ब्लॅक यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील लेमिन्स्टर येथे झाला. १९२१ साली वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून पदवी घेऊन ते वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले आणि पुढे बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये काम करू लागले. दूरवरच्या टेलिफोन मार्गावर एकामागून एक विवर्धक बसवावे लागत. प्रत्येकाची थोडी विकृती साचत जाई आणि एकाच तारेवरील अनेक संभाषणे परस्परांत मिसळत. निर्दोष विवर्धक बनवण्याच्या प्रयत्नांत ब्लॅक यांची काही वर्षे गेली.

२ ऑगस्ट, १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत त्यांना उत्तर सुचले आणि हाती असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ते मांडले. विवर्धकाच्या बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. त्यामुळे वर्धन घटते, पण विकृतीही त्याच प्रमाणात घटते. कष्टाने मिळवलेले वर्धन हेतुपुरस्सर गमावणे त्या काळच्या अभियंत्यांना विपरीत वाटले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रत्यक्ष चाचणीत विकृती सुमारे एक लाख पटीने कमी झाली, तरीही १९२८ साली केलेल्या अर्जावर अमेरिकन पेटंट मिळायला १९३७ उजाडले. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर या कल्पनेला शाश्वत गतियंत्राच्या पंक्तीत बसवले होते.

आभासी भूमी
व्हर्च्युअल ग्राउंड, म्हणजे आभासी भूमी, ब्लॅक यांनी स्वतः योजलेली नाही. तिचा आधार मात्र त्यांचेच तत्त्व आहे. ध्वनीचा संकेत शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावतो, तर ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीला शून्याखालची बाजू नसते. म्हणून दोन समान रोधकांनी ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू काढून त्यालाच शून्य मानतात. या बिंदूतून प्रवाह घेताच तो ढळतो. त्याला ऑप-अँपचा टेकू देतात व ऑप-अँपचा संपूर्ण निर्गत संकेत त्याच्या ऋण टोकाला परत जोडतात. मग बिंदू जरा हलला तरी ऑप-अँप त्याला जागेवर आणतो. येथे वर्धन केवळ एक उरते. बाकीचे सारे स्थैर्यासाठी खर्ची पडते.

अशा ऑप-अँपच्या मुखाशी थेट मोठा धारित्र जोडल्यास मात्र फीडबॅक उशिरा पोहोचतो आणि मंडल स्वतःच आंदोलने करू लागते. मध्ये लहान रोधक घालून हा दोष बहुधा टाळता येतो. आंदोलने केव्हा होतील याची कसोटी ब्लॅक यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली मांडली.