माळावरचा मास्तर

मागच्या सुट्टीत आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. गावात रिवाइंडिंग करणारे एकच काका, त्यांचा हात आता थरथरतो. मला बोलावणं आलं, कारण मी ‘इंजिनिअर’. मी मोटर उघडली, नीट बघितली आणि गुपचूप परत बंद केली. शेवटी ती टेम्पोत घालून तालुक्याला गेली. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र हातात घेतलं.

या माणसाकडे डिग्री नव्हती! जन्म १८६९ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. मध्ये आले, तर डोळ्यांना रंगच नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. रंग सुटले, पण यंत्रांची ड्रॉइंग जमली. त्या जोरावर ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. मोकळ्या वेळात वर्कशॉपमध्ये हात काळे करायचे. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवायच्या, हा धंदाही चालू होता. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा राजीनामा देऊन सरळ बेळगाव गाठलं.

तिथे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला घेतले. कडबा-यंत्र चाललं, नांगर मात्र कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष भिनतं, अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. आपल्याला व्हायवात एक प्रश्न आला नाही तरी आठवडाभर तोंड पाडून फिरतो आपण, दोन वर्षं म्हणजे काय!

त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी घ्यायची ठरवली. मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि कर्जाऊ रक्कमही. १९१० साली लक्ष्मणराव तिथे आले. निवडुंग, साप आणि पाण्याची वानवा. कारागीर तर नावालाही नाही. बरोबर आलेली बेळगावची पंचवीस माणसं आणि त्यांची कुटुंबं, एवढंच भांडवल.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. तयार माणूस मिळेना, तर त्यांनी मिळेल त्या माणसाला तयार केलं. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. शंभूराव जांभेकरांनी यंत्रं सांभाळली, मंगेशराव रेगे हिशेब बघू लागले, आणि शिक्षणात फारसे न रमलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. तुरुंगातून सुटून आलेल्यांना तर चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. आमच्या होस्टेलवर मेसचं कुपन बिनाकुलपाचं ठेवायची कुणाची हिंमत नाही!

परका माणूस गावात आला की गाव आधी लांबूनच बघतं. इथेही तसंच झालं असणार. पण नांगर मोडला तर तो दुरुस्त करणारा माणूस जवळ आहे, हे शेतकऱ्याला कळलं की विषाची भीती किती टिकणार? नांगरामागून उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले. माळाचं किर्लोस्करवाडी झालं, आणि स्टेशनाचं नावही बदललं. आसपासची शेतकऱ्यांची पोरं तिथे फाइल धरायला शिकली, मोल्डिंग शिकली. १९५६ साली लक्ष्मणराव गेले, तोवर एका वाडीपुरता हा कारभार उरलाच नव्हता.

एक मात्र खटकतं. राजाने जागा दिली नसती तर? हुशारीबरोबर माळ देणारंही कुणी लागतं, ही गोष्ट चरित्रं जरा घाईत उरकतात.

असो. या दिवाळीच्या सुट्टीत मी काकांच्या दुकानात बसणार आहे. त्यांना विचारून ठेवलंय. सकाळी आठला ये आणि जुने कपडे घाल, असा निरोप आलाय.