इतिहासाचार्य राजवाडे आणि जुन्या कागदांची राखण

जुने कागद जमविणे, लावणे आणि राखणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, ही गोष्ट आपल्या समाजास अद्याप पुरती उमगलेली नाही. दफ्तरखान्यातील मनुष्य म्हणजे धुळीत बसून रद्दी सांभाळणारा कारकून, अशीच सर्वसाधारण समजूत दिसते. ही समजूत किती चुकीची आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे पुण्यस्मरण आम्ही येथे करीत आहोत.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. पुण्यास डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. काही काळ शिक्षकाची नोकरी केली, पण ती लवकरच सोडली. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. जुने कागद हाच त्यांचा संसार झाला.

या कागदांसाठी ते गावोगाव हिंडले. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल वाळवीच्या तोंडी पडलेले असत. परंतु या गृहस्थास ते कशासाठी हवेत, हे घरमालकांस उमगत नसे. कागद बाहेर गेले तर वतनावर गदा येईल, अशी भीती पुष्कळांच्या मनात असे. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने कागदपत्रे तपासून कित्येकांची इनामे काढून घेतली होती, आणि त्या घराण्यांस त्याचा विसर पडलेला नव्हता. अशा संशयातून वाट काढून एकेक रुमाल मिळवावा लागे.

कागद हाती आला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. खरे काम तेथून सुरू होई. पेशवाईतील पत्रांवर पुष्कळदा मुसलमानी महिना व चंद्राची तारीख एवढेच असते, सालाचा पत्ता नसतो. कोठे साल असलेच, तर ते अरबी शब्दांत. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, त्यात ५९९ मिळविले की १७६० हे त्या वर्षारंभाचे इसवी साल निघते. पानिपतचा संग्राम याच वर्षात, १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. ही गणना चुकली तर पराभवानंतरचे पत्र पराभवापूर्वीचे ठरेल, आणि सारा इतिहास उलटा होईल. एवढी जोखीम ज्याच्या शिरावर, त्यास रद्दीवाला कसे म्हणावे?

१८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. बखरीवर विसंबू नये, अस्सल कागद पाहावा, हा दंडक त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत घालून दिला. मालेचे एकंदर २२ खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही मुख्यतः त्यांच्याच प्रेरणेने.

राजवाड्यांचा स्वभाव तापट होता. सहकाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. ज्ञातींविषयी त्यांनी काढलेल्या काही अनुमानांवर त्यांच्या हयातीतच कडाडून टीका झाली, आणि ती अनुमाने आज आम्हांसही मान्य होण्याजोगी नाहीत. तथापि त्यांनी छापलेले कागद सर्वांस खुले राहिले. त्यांची मते ज्यांस पटली नाहीत, त्यांसही त्यांचा उपयोग करता आला. मते जुनी होतात, नीट राखलेला कागद उरतो. राखणदाराची खरी थोरवी यातच आहे.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंदिराने सांभाळले.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अजूनही माळ्यावर एखादी पेटी असेल. ती रद्दीत देण्यापूर्वी, अथवा नदीत सोडण्यापूर्वी, एकदा जाणत्यास दाखवावी, अशी आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. राजवाड्यांस याहून उचित श्रद्धांजली दुसरी नाही.