ओळंबा वाकडा का लटकतो? जॉर्ज एव्हरेस्ट आणि तुमच्या फोनमधली उंची

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर जीपीएसचे कच्चे आकडे दाखवणारं एखादं ॲप उघडा. उंचीसमोर उणे ५० मीटरच्या आसपासचा आकडा दिसू शकतो. म्हणजे डोंबिवली समुद्राखाली? नाही हो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. खरा समुद्र मात्र गुरुत्वाकर्षणाच्या ओढीप्रमाणे कुठे फुगतो, कुठे दबतो. आपल्या किनाऱ्याजवळ तो त्या गणिती आकाराच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. फोनने हा फरक धरला तरच उंची बरोबर येते.

ही भानगड जीपीएसच्या दीडशे वर्षं आधी एका माणसाच्या मानगुटीवर बसली होती. नाव ऐकलंय तुम्ही, पण डोंगराचं म्हणून.

जॉर्ज एव्हरेस्टचा जन्म १७९० चा. सोळाव्या वर्षी तो कंपनीच्या तोफखान्यात भारतात आला. १८१८ मध्ये हैदराबादला विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली लागला. लॅम्बटन भारताच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी मोजत चालला होता. हेतू फक्त नकाशाचा नव्हता, पृथ्वीचा नेमका आकार काढायचा होता.

या कामात दोन मापं जुळावी लागतात. एक जमिनीवर मोजलेलं अंतर, दुसरं ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश. तारे बघताना सरळ वर कुठे, हे ओळंबा सांगतो. तोच तो, गवंडी भिंतीला लावतो तो. पण शेजारी मोठा डोंगर असेल, तर ओळंबा किंचित त्याच्याकडे ओढला जातो. मग अक्षांशच चुकतो.

एव्हरेस्टला हे लवकर कळलं, तेही आजारपणामुळे. १८२० मध्ये तापाने खंगल्यावर त्याला केप ऑफ गुड होपला हवापालटासाठी पाठवलं. तिथे १७५२ मध्ये लाकाय नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केलेलं मोजमाप जगाला कोड्यात टाकत होतं, कारण त्यावरून पृथ्वीचा दक्षिण भाग वेगळ्याच आकाराचा वाटत होता. एव्हरेस्टने जागा पाहिल्या आणि डोंगरांकडे बोट दाखवलं. पृथ्वी ठीक आहे, ओळंबा ओढला गेलाय. माझ्या मते हे त्याचं सर्वात हुशार काम, आणि ते सुट्टीतलं!

परतल्यावर तो हैदराबाद भागातून मुंबईच्या दिशेने साखळी नेत होता. २० जानेवारी १८२३ ला वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला लॅम्बटन वारला आणि सगळी जबाबदारी एव्हरेस्टवर आली. अचलपूरजवळच्या टाकरखेड्याला त्याला पुन्हा तीच शंका आली: उत्तरेचं पठार ओळंबा ओढतंय. तब्येत मात्र इतकी ढासळली, की १८२५ मध्ये त्याला इंग्लंड गाठावं लागलं.

१८३० मध्ये तो नवी यंत्रं घेऊन सर्व्हेअर जनरल म्हणून परतला. त्याच साली त्याने काढलेला पृथ्वीचा आकार भारताच्या नकाशांनी पुढे दीडशेहून जास्त वर्षं वापरला. जीपीएसच्या आकाराशी ताडून पाहिलं, तर त्याची विषुववृत्तावरची त्रिज्या जेमतेम ८६० मीटर कमी भरते. स्वभावाने तो महातापट, पण माणसं पारखून घ्यायचा. आकडेमोडीसाठी राधानाथ सिकदार आणि यंत्रांसाठी सय्यद मोहसीन हे त्याच्या काळातले मोठे आधार.

मग शेवटचा टप्पा. मध्य भारतातलं कल्याणपूर (आपलं कल्याण नव्हे!) आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, मध्ये अंतर सुमारे ६०० किलोमीटर. दोन पद्धतींच्या उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक आला. हे कोनाचे सेकंद, जमिनीवर अंदाजे १६० मीटर. बारा डब्यांच्या लोकलपेक्षाही कमी. इथे केपमधला डोंगर ओळखणाऱ्या एव्हरेस्टने समोर हिमालय असताना ही मोजणीतली चूक धरली आणि ती साखळीभर वाटून टाकली. १८४३ मध्ये निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला.

१८५५ मध्ये कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशोब केला. फरक यायला हवा होता जवळपास १६ सेकंद, म्हणजे तिप्पट. मग हिमालय इतका कमी का ओढतो? कारण डोंगराखालचा भाग तुलनेने हलका आहे. पृथ्वीच्या पोटातली ही गोष्ट त्या १६० मीटरमधून बाहेर आली. शिखराला एव्हरेस्टचं नाव १८६५ मध्ये मिळालं. त्याचा याला विरोध होता, इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही म्हणून. पुढच्याच वर्षी तो वारला.

आज ओळंब्याचं काम सॅटेलाइटच्या जोड्या करतात. २००२ ते २०१७ ग्रेस, २०१८ पासून ग्रेस फॉलो-ऑन. दोन सॅटेलाइट सुमारे २२० किलोमीटर अंतराने एकामागे एक धावतात. खाली जास्त वस्तुमान आलं, की पुढचा आधी ओढला जातो आणि मधलं अंतर किंचित बदलतं. यावरूनच २००९ मध्ये उत्तर-पश्चिम भारतातलं भूजल किती वेगाने आटतंय ते दिसलं. पण या नकाशातला सर्वात छोटा ठिपका साधारण ३०० किलोमीटरचा, म्हणजे ठाण्यापासून जवळपास छत्रपती संभाजीनगरपर्यंत. शिवाय दोन्ही सॅटेलाइट ध्रुवांवरून उत्तर-दक्षिणच फिरतात, त्यामुळे नकाशात उभे पट्टे उमटतात. म्हणून पुढची आखणी दोन जोड्यांची आहे: नासा आणि जर्मनीची ग्रेस-सी २०२८ च्या सुमारास ध्रुवीय कक्षेत, तर युरोपची एनजीजीएम त्यानंतर काही वर्षांनी तिरक्या कक्षेत.