देवराष्ट्रेची लेक रमाबाई रानडे : आधी स्वतः शिकल्या, मग मोठ्या बायकांसाठी वर्ग काढले

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हटलं की यशवंतराव चव्हाणांचं नाव निघतं. पण कडेगाव तालुक्यातल्या याच गावात त्यांच्या आधी आणखी एक मोठं माणूस जन्माला आलं. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

माहेरचं आडनाव कुर्लेकर. त्या काळी मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. नवरा वीस वर्षांनी मोठा आणि गाढा विद्वान, तर बायकोला अक्षरओळखही नाही.

रानड्यांनी लग्नानंतर लगेच त्यांना शिकवायला घेतलं. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात रुचलं नाही. टोमणे रोजचेच होते. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही, पण शिकणंही सोडलं नाही. मराठी झालं, मग इंग्रजी आलं. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी घेऊन त्या गव्हर्नरपुढं उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवलं. त्याच वर्षी हुजूरपागा शाळा सुरू झाली.

१९०१ साली रानडे गेले. विधवा बाईनं कोपऱ्यात बसावं, असा तो काळ. रमाबाईंनी मात्र १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. शाळेचं वय उलटून गेलेल्या बायका, लहानपणीच विधवा झालेल्या मुली इथं यायच्या. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं जायचं आणि पुढं शिवणकाम, नर्सिंग, शिक्षिकेचं काम. परक्या रोग्याची सेवा करणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई. तरी बायका शिकल्या, कमावत्या झाल्या आणि दुसऱ्याच्या दारी आश्रित म्हणून राहायची वेळ टळली.

१९१० साली रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक निघालं. ज्या हाताला पाटी धरल्याबद्दल घरात बोलणी बसली, त्याच हातानं ते लिहिलं. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, यासाठीही त्या पुण्यात लढल्या. १९२४ साली त्यांचं निधन झालं. १९६२ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. पुण्यातलं सेवासदन आजही सुरू आहे.

आता या वयात शिकून काय करायचं, असं म्हणणाऱ्या बायका आजही गावोगावी आहेत. त्यांना देवराष्ट्रेच्या या लेकीची गोष्ट जरूर वाचून दाखवावी.