गुस्ताव मालर : रोग कळला होता, पण औषधच नव्हतं

पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना गुस्ताव मालर हे नाव नवं नाही. १८६० मध्ये बोहेमियातल्या एका खेड्यात जन्मलेला हा संगीतकार १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या शाही ऑपेराचा प्रमुख झाला.

जुलै १९०७ मध्ये त्याची थोरली मुलगी वारली. तिला पाच वर्षंही पूर्ण झाली नव्हती. काही दिवसांतच डॉक्टरांना मालरच्या हृदयाच्या झडपेत दोष सापडला. डोंगर चढणं, पोहणं, सायकल चालवणं हे सगळं त्याला आवडायचं. त्यावर बंधनं आली. तरी तो न्यूयॉर्कला गेला आणि काम करत राहिला.

२१ फेब्रुवारी १९११ रोजी अंगात ताप असताना त्याने कार्नेगी हॉलमध्ये वाद्यवृंदाचं संचालन केलं. ती त्याची शेवटची मैफल ठरली. ताप हटेना, तेव्हा डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावलं गेलं. ब्लड कल्चर केलं, तर रक्तात स्ट्रेप्टोकोकस जिवाणू सापडले.

नेमकं काय होतं या आजारात?

आपल्या तोंडातले जिवाणू अधूनमधून रक्तात जातात. निरोगी हृदयाला सहसा त्यांचा त्रास होत नाही. पण खराब झडपेवर ते ठाण मांडू शकतात. तिथे जिवाणू आणि रक्ताच्या गुठळ्यांचे पुंजके तयार होतात. त्यातला तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. हृदयाच्याच रक्तवाहिनीत अडकला तर हार्ट अटॅक येतो. म्हणजे कोलेस्टेरॉलचा अडथळा नसतानाही!

मालरला युरोपात आणलं. पॅरिसमध्ये सीरमचा उपचार झाला, पण उपयोग झाला नाही. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात त्याचं निधन झालं. वय अवघं ५०. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये.

आज अँटिबायोटिक्स आहेत, झडप बदलण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण रोग वेळेत ओळखला गेला पाहिजे. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण आजही आहेत. अशा कुणाला किंवा झडप बदललेल्या कुणाला ताप आला आणि तो जात नसेल, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने ब्लड कल्चरमध्ये जिवाणू सापडणं अवघड होतं. आधी डॉक्टरांकडे जा आणि झडपेचा आजार आहे, हे स्वतःहून सांगा. दातांची काळजीही घ्या.